वाळू वाळवण्यासाठी औद्योगिक ड्रायरची निवड

या पाठाचा हेतू

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत: वाळूतील ओलावा नेमक्या आधारावर मोजणे, किती पाणी उडवायचे आणि त्यासाठी किती उष्णता लागेल याचा हिशेब करणे, ड्रायरच्या मुख्य प्रकारांतील फरक सांगणे, आणि दिलेल्या कारखान्यासाठी योग्य प्रकार कारणांसह सुचवणे. रसायन, यांत्रिकी, खनिकर्म आणि धातुशास्त्र या शाखांच्या विद्यार्थ्यांना हा भाग उपयोगी आहे. उष्णता व वस्तुमान संक्रमणाची प्राथमिक ओळख तुम्हाला आहे असे येथे धरले आहे.

१. वाळू का वाळवायची?

नदीतून, खाणीतून किंवा धुण्याच्या प्रकल्पातून आलेली वाळू ओली असते. काँक्रीटसाठी ती तशीच चालते, कारण काँक्रीटमध्ये पाणी घालायचेच असते. फक्त तेवढे पाणी वजा धरावे लागते. पण काही उद्योगांत ओली वाळू चालतच नाही.

ओतशाळा, म्हणजे फाउंड्री, हे पहिले उदाहरण. कोल्हापूर, बेळगाव, कोइम्बतूर, राजकोट, हावडा या ठिकाणी ओतकामाचे मोठे समूह आहेत. तेथे साच्यातील कोअर बनवताना वाळूच्या कणांवर रेझिनचा पातळ थर चढवतात. कोल्ड-बॉक्स पद्धतीतील रेझिनचा एक घटक, आयसोसायनेट, पाण्याशी अभिक्रिया करतो. म्हणून वाळूतील ओलावा साधारण ०.२ टक्क्यांच्या खाली ठेवतात. ओल राहिली तर कोअर कमकुवत होतो आणि ओतीव वस्तूत वायूची छिद्रे पडतात.

दुसरे उदाहरण पोत्यात भरून विकल्या जाणाऱ्या कोरड्या मॉर्टरचे. टाइल चिकटवण्याचा मसाला किंवा तयार प्लास्टर यांत सिमेंट आणि वाळू आधीच मिसळलेली असते. वाळू ओली असेल तर पोत्यातच सिमेंट धरू लागते.

तिसरे उदाहरण समुद्रकिनाऱ्यावरील जड खनिजांचे. केरळात चवरा, तमिळनाडूत मनवलकुरिची आणि ओडिशात छत्रपूर येथे किनाऱ्याच्या वाळूतून इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन, मोनाझाइट अशी खनिजे वेगळी करतात. सुरुवातीचे विलगीकरण पाण्यात होते, पण पुढचे विद्युतस्थितिक विलगीकरण कोरड्या कणांवरच चालते. कणाच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर असेल तर विद्युतरोधक कणही वाहकासारखा वागतो आणि विलगीकरण फसते.

या तिन्ही ठिकाणी ‘वाळू वाळवणे’ हे काम एकच वाटते, पण मागणी वेगळी आहे. फाउंड्रीला वाळू कोरडी आणि थंड हवी, कारण गरम वाळूत रेझिन वेळेआधीच कडक होऊ लागते. मॉर्टरच्या कारखान्यालाही ती थंड करून हवी, कारण त्यातील पॉलिमर भुकटी उष्णतेने चिकट होते. याउलट विद्युतस्थितिक विलगीकरणाला वाळू गरम असतानाच हवी असते. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता ड्रायर?’ हा नसून ‘ही वाळू पुढे कुठे जाणार?’ हा असतो.

२. वाळूतील पाणी कसे असते?

क्वार्ट्झच्या कणाच्या आत पाणी मुरत नाही. पाणी असते ते कणांच्या पृष्ठभागावर आणि कणाकणांमधल्या फटींत, केशाकर्षणाने धरलेले. त्यामुळे वाळू वाळवणे हे धान्य किंवा लाकूड वाळवण्यापेक्षा सोपे आहे. धान्यात आतले पाणी हळूहळू बाहेर यावे लागते. वाळूत ते बाहेरच असते.

शुष्कनाच्या भाषेत सांगायचे तर वाळूचे बहुतेक पाणी ‘स्थिर वेगाच्या’ टप्प्यात जाते. या टप्प्यात कणाचे तापमान फारसे वाढत नाही. मिळालेली उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. पाणी संपत आले की कणाचे तापमान झपाट्याने चढते. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात.

पहिली: ओल्या वाळूला कित्येकशे अंश सेल्सिअसच्या वायूचा स्पर्श झाला तरी ती लगेच तापत नाही. त्यामुळे वाळूसाठी खूप गरम वायू वापरता येतो आणि यंत्र लहान ठेवता येते. दुसरी: ड्रायरमधून बाहेर पडणाऱ्या वाळूचे तापमान हाच ओलाव्याचा चांगला निदर्शक असतो. ते तापमान घसरले तर वाळू ओली निघत आहे. फार चढले तर तुम्ही पाणी नव्हे, दगड तापवत आहात.

मातीचे प्रमाण जास्त असेल तर मात्र हे चित्र बदलते. माती पाणी धरून ठेवते, तिची ढेकळे होतात, आणि ढेकळाच्या आतले पाणी सहज निघत नाही. अशी वाळू वाळवण्याआधी धुणे हाच योग्य मार्ग असतो.

३. ओलावा मोजताना होणारा गोंधळ

ठरावीक वजनाचा नमुना १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. घटलेले वजन म्हणजे पाणी. हे पाणी ओल्या नमुन्याच्या वजनाने भागले तर ‘ओल्या आधारावरचा’ ओलावा मिळतो. कोरड्या वाळूच्या वजनाने भागले तर ‘कोरड्या आधारावरचा’.

१०० किलो ओल्या वाळूत ६ किलो पाणी असेल तर ओल्या आधारावर ओलावा ६ टक्के, आणि कोरड्या आधारावर ६ ÷ ९४, म्हणजे सुमारे ६.४ टक्के. फरक लहान दिसतो, पण ओलावा वाढतो तसा तो वाढत जातो. तसेच ‘ताशी १० टन’ म्हणजे आत जाणारी ओली वाळू की बाहेर येणारी कोरडी, हेही स्पष्ट हवे. या पाठात ओला आधार आणि आत जाणारी वाळू धरली आहे.

४. उष्णतेचा हिशेब

समजा, ताशी १० टन वाळू ६ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांपर्यंत वाळवायची आहे. वाळू २५ अंशांवर आत येते आणि ९० अंशांवर बाहेर पडते.

*पाण्याचा हिशेब:* आत कोरडी वाळू ९,४०० किलो आणि पाणी ६०० किलो. बाहेर जाताना वाळूत उरलेले पाणी = ९,४०० × ०.००२ ÷ ०.९९८ = सुमारे १९ किलो. म्हणून उडवायचे पाणी ताशी ५८१ किलो.

*पाणी उडवण्याची उष्णता:* २५ अंशांचे पाणी १०० अंशांच्या वाफेत बदलायला प्रति किलो सुमारे २,५७१ किलोज्यूल लागतात. ५८१ × २,५७१ = ताशी सुमारे १,४९४ मेगाज्यूल.

*वाळू तापवण्याची उष्णता:* वाळूची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. ९,४०० × ०.८ × ६५ = ताशी सुमारे ४८९ मेगाज्यूल.

एकूण उपयुक्त उष्णता ताशी १,९८३ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ५५० किलोवॅट. धुराड्यातून आणि यंत्राच्या कवचातून उष्णता वाया जाते. एकूण कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर इंधनातून ताशी सुमारे ३,०५० मेगाज्यूल द्यावे लागतील. एक लिटर डिझेलपासून सुमारे ३६ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे ताशी सुमारे ८५ लिटर डिझेल. तुमच्या भागातील दराने याला गुणून पाहा, म्हणजे या निर्णयाचे वजन लक्षात येईल.

आता याच हिशेबात तीन बदल करून पाहू.

*बदल १ – आधी निथळवणे.* वाळू उताराच्या पक्क्या फरशीवर काही काळ ठेवून ओलावा ४ टक्क्यांवर आणला, तर तेवढ्याच कोरड्या वाळूसाठी उडवायचे पाणी ताशी ३७३ किलो राहते. एकूण उष्णता १,४४८ मेगाज्यूल होते आणि डिझेल ताशी सुमारे ६२ लिटर. म्हणजे इंधनात २७ टक्के बचत, तीही ड्रायरला हात न लावता. जे पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली जाऊ शकते ते जाळून उडवू नये.

*बदल २ – जास्त तापवणे.* वाळू ९० ऐवजी १५० अंशांवर बाहेर पडू दिली, तर ताशी ४५१ मेगाज्यूल अधिक उपयुक्त उष्णता लागते, म्हणजे सुमारे १९ लिटर डिझेल जादा. त्यातून मिळते काय? तर नंतर थंड करावी लागणारी आणखी गरम वाळू.

*बदल ३ – पावसाळा.* उघड्या ढिगातील वाळूचा ओलावा १० टक्क्यांवर गेला, तर तेवढ्याच कोरड्या वाळूसाठी ताशी १,०२५ किलो पाणी उडवावे लागते आणि उष्णता ३,१२५ मेगाज्यूल लागते. ६ टक्क्यांसाठी घेतलेल्या ड्रायरची उष्णता देण्याची क्षमता वाढत नाही. म्हणून त्याचे उत्पादन ताशी ९.४ टन कोरड्या वाळूवरून जवळपास ६ टनांवर येते. कोकण, केरळ, आसाम अशा भागांत हा मुद्दा दुय्यम नाही. येथे मोठा ड्रायर घ्यायचा की वाळूच्या ढिगावर छप्पर घालायचे, याची तुलना करावी. छप्पर बहुधा स्वस्त पडते.

५. ड्रायरचे प्रकार

*उन्हात वाळवणे.* फरशीवर वाळू पसरून उलटसुलट करणे. इंधन लागत नाही, पण जागा आणि मजूर लागतात, पावसाळ्यात काम थांबते आणि ०.२ टक्क्यांची खात्री देता येत नाही. दिवसाला एक-दोन टन लागणाऱ्या छोट्या कामासाठी ते ठीक आहे. झाडूने वाळू गोळा करताना उडणारी धूळ मात्र विसरू नका.

*फिरता ड्रम, म्हणजे रोटरी ड्रायर.* किंचित उतरता ठेवलेला, सावकाश फिरणारा पोलादी ड्रम. आतील पट्ट्या, ज्यांना लिफ्टर म्हणतात, वाळू उचलून वरून पडदा पडावा तशी सोडतात आणि त्या पडद्यातून गरम वायू जातो. वायू आणि वाळू एकाच दिशेने जात असतील तर सर्वात गरम वायू सर्वात ओल्या वाळूला भेटतो आणि बाहेर येणारी वाळू फार तापत नाही. वाळूसाठी बहुधा हीच रचना निवडतात. या यंत्राचा मोठा गुण म्हणजे सहनशीलता. जाड-बारीक मिश्रण, ढेकळे, कमी-जास्त ओलावा हे सगळे त्याला चालते. दोष असे: जागा जास्त लागते, कवचातून उष्णता जाते, लिफ्टर झिजतात आणि दोन्ही टोकांच्या सीलमधून बाहेरची थंड हवा आत शिरते.

*तीन-पदरी ड्रम.* एकात एक बसवलेले तीन ड्रम. वाळू आतल्या ड्रममधून मधल्यात आणि मग बाहेरच्यात जाते. सर्वात गरम भाग आत असल्याने कवचातून कमी उष्णता जाते आणि लांबी कमी लागते. कोरड्या मॉर्टरच्या प्रकल्पांत हा प्रकार बराच दिसतो. पण आतल्या ड्रममध्ये माती चिकटून साचली किंवा लिफ्टर तुटले तर दुरुस्ती अवघड जाते. म्हणून चिकट मातीच्या वाळूसाठी तो टाळावा.

*प्रवाही थराचा, म्हणजे फ्लुइड बेड ड्रायर.* छिद्रांच्या पट्टीखालून गरम हवा जोराने सोडली की वाळूचा थर उकळत्या द्रवासारखा वागू लागतो. प्रत्येक कण सर्व बाजूंनी हवेत असल्याने उष्णता भरभर पोहोचते आणि ओलावा सगळीकडे सारखा राहतो. त्याच यंत्राच्या शेवटच्या भागात थंड हवा सोडून वाळू गार करता येते. ती हवा तापून पुन्हा भट्टीला देता येते. फिरणारे भाग कमी, त्यामुळे झीजही कमी.

मात्र त्याला वाळू एकसारखी लागते. का, ते आकड्यांत पाहा. साध्या तापमानाच्या हवेत ०.५ मिमी कणांचा थर प्रवाही व्हायला सुमारे ०.२ मीटर प्रति सेकंद वेग लागतो. १ मिमी कणांना सुमारे ०.५५. प्रत्यक्षात थर नीट खेळता राहावा म्हणून वेग याहून बराच जास्त ठेवतात. पण ०.१ मिमीचा कण सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंदाच्या हवेतच उडून जातो. म्हणजे जाड कण हलवायला गेलो की बारीक वाळू धुळीच्या वाटेने निघून जाते. शिवाय पंख्याची वीज लागते: १५ सेंटिमीटर जाडीचा थर उचलून धरायला सुमारे २.२ किलोपास्कल दाब लागतो, आणि छिद्रपट्टी, सायक्लोन व फिल्टर यांचा दाब वेगळा. फार ओल्या वाळूचा गोळा होऊन थर बसतो. अशा वेळी थर यंत्राने हलता ठेवणारा कंपनयुक्त प्रकार काही प्रमाणात मदत करतो.

*वाऱ्यात उडवून वाळवणारा, म्हणजे फ्लॅश ड्रायर.* नळीतून भरधाव गरम हवेबरोबर पदार्थ उडवत नेतात. बारीक भुकटीसाठी तो उत्तम. पण क्वार्ट्झ कठीण आणि खरखरीत असल्याने नळीची वळणे लवकर झिजतात. वाळूसाठी तो सहसा निवडत नाहीत.

६. इंधनाचा वाळूवर परिणाम

थेट तापवण्याच्या पद्धतीत जळलेला वायू वाळूला भिडतो. कोळशाची राख वाळूत मिसळली तर काचेसाठीच्या वाळूत लोहाचे प्रमाण वाढून काचेला हिरवट छटा येऊ शकते. तेल नीट जळले नाही तर कणांवर काजळीचा थर बसतो आणि रेझिन धरत नाही. म्हणून काच आणि फाउंड्रीसाठी नैसर्गिक वायू किंवा एलपीजी अधिक सुरक्षित. शेतातील कचऱ्याच्या ब्रिकेट स्वस्त असतात, पण त्या वापरायच्या तर राख वेगळी करणारी किंवा अप्रत्यक्ष तापवणारी भट्टी लागते, आणि अप्रत्यक्ष पद्धतीत थोडी कार्यक्षमता गमवावी लागते.

७. धूळ: पर्यायी नसलेली बाब

ओली वाळू धूळ देत नाही, कोरडी देते. म्हणजे ड्रायर बसवण्याचा निर्णय हाच धूळ निर्माण करण्याचा निर्णय असतो. क्वार्ट्झची अतिसूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारी धूळ फुफ्फुसात खोलवर जाते आणि सिलिकोसिस हा रोग होतो. फुफ्फुसाचे झालेले नुकसान भरून येत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिक सिलिकाला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. भारतात सिलिकोसिस हा अधिसूचित रोग आहे.

त्यामुळे ड्रायरची किंमत विचारताना धूळ-नियंत्रणासह किंमत विचारावी. सायक्लोन जाड धूळ पकडतो. सर्वात घातक सूक्ष्म धूळ त्यातून निसटते, म्हणून त्यापुढे बॅग फिल्टर हवाच. बाहेर जाणारा वायू दवबिंदूच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर पिशव्यांवर ओला चिखल बसून त्या बंद होतात. तो फार गरमही चालत नाही: पॉलिएस्टरच्या पिशव्या साधारण १३० अंशांपर्यंतच टिकतात. कोरडी वाळू जेथे पडते ती ठिकाणे, म्हणजे चाळणी, एलिव्हेटर आणि पोती भरण्याची जागा, बंदिस्त करून तेथून हवा ओढून घ्यावी. मास्क हा शेवटचा आधार आहे, यंत्रणेला पर्याय नाही.

८. निवडीचा क्रम आणि तीन उदाहरणे

निर्णय या क्रमाने घ्या: पुढचा वापर → अंतिम ओलावा व तापमान → कणांचा आकार आणि मातीचे प्रमाण → वर्षातील सर्वात जास्त ओलावा → ताशी उत्पादन → उपलब्ध इंधन आणि वीज → धूळ-नियंत्रण → जागा आणि दुरुस्तीची सोय.

*उदाहरण अ.* फाउंड्री, ताशी ३ टन, धुतलेली व चाळलेली एकसारखी वाळू, थंड हवी. येथे थंड करण्याच्या भागासह फ्लुइड बेड योग्य. वाळू एकसारखी असल्याने त्याचा दोष आड येत नाही आणि वाळवणे व थंड करणे एकाच यंत्रात होते.

*उदाहरण आ.* मॉर्टरचा प्रकल्प, ताशी २० टन, दगड फोडून केलेली वाळू, शून्य ते ४ मिमी, बारीक पूड भरपूर. येथे ड्रम योग्य. चिकट माती नसेल तर तीन-पदरी. वाळू थंड करण्याची वेगळी सोय आणि मोठा बॅग फिल्टर लागेल.

*उदाहरण इ.* खनिज विलगीकरण. कण बारीक व बऱ्यापैकी एकसारखे असतात. फ्लुइड बेड किंवा ड्रम दोन्ही चालतील. थंड करण्याचा भाग मात्र घेऊ नये, कारण पुढच्या यंत्राला गरम कणच हवेत.

पुरवठादाराशी बोलताना हमी ‘ताशी इतके टन’ अशी घेऊ नका. ती ‘इतक्या ओलाव्याची वाळू इतक्या ओलाव्यापर्यंत, इतक्या तापमानाला, प्रति टन इतक्या इंधनात आणि इतक्या विजेत’ अशी लेखी घ्या, आणि शक्य असेल तर तुमच्याच वाळूवर चाचणी मागा.

स्वाध्याय

१. ताशी ५ टन वाळू ८ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांपर्यंत वाळवायची आहे. उडवायचे पाणी काढा. (उत्तर: ताशी सुमारे ३७७ किलो.)

२. विभाग ४ मधील उदाहरणात कार्यक्षमता ६५ वरून ७५ टक्के झाली तर डिझेल किती वाचेल? ही बचत ‘बदल १’मधील बचतीपेक्षा जास्त की कमी?

३. तुमच्या परिसरातील नदीची किंवा बांधकामाची वाळू घेऊन ओव्हनमध्ये तिचा ओलावा मोजा. तोच ढीग एक दिवस उतारावर निथळू देऊन पुन्हा मोजा. दोन्ही आकड्यांवरून प्रति टन किती उष्णता वाचली ते लिहा.

४. उदाहरण आ मध्ये फ्लुइड बेड घेतला तर कोणत्या दोन अडचणी येतील? विभाग ५ मधील वेगांचे आकडे वापरून स्पष्ट करा.